वासावरून मीठ

लखनऊच्या रूमी दरवाज्याखाली उभं राहिलं की मान आपोआप मागे जाते. साठ फूट उंची, वर अर्धा घुमट, कडेकडेनं उमलत गेलेल्या पाकळ्या आणि माथ्यावर छत्री. सगळं काम विटांचं आणि चुन्याचं. नवाब आसफउद्दौलानं तो १७८४ साली बांधवला. इस्तंबूलच्या शाही दरवाज्यावरून तो बेतला असं सांगतात. रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख, म्हणून हा रूमी दरवाजा. इस्तंबूलचा दरवाजा मी त्याआधी पाहिला होता. तोपकापी राजवाड्याच्या बाहेरच्या तटात तो आहे, पंधराव्या शतकातला, जाड दगडी, खोल कमानीचा, वर कोरलेल्या अक्षरांची पट्टी. करडा आणि अंगावर येणारा. रूमी दरवाज्याशी त्याचं नातं लावायला गेलं तर कमानीपलीकडे हाताला काही लागत नाही. लखनऊच्या गवंड्यांनी रूम कधी पाहिलं नसणार. त्यांनी दूरच्या मुलखाचं नाव ऐकलं आणि स्वतःच्या डोळ्यांना जे सुंदर वाटत होतं ते बांधलं.

या शहराच्या जेवणाबद्दल मला जे वाटतं ते या दरवाज्यापाशी नीट सांगता येतं. कोरमा, कीमा, यखनी, पुलाव, शीरमाल यांचं कूळ शोधत गेलं तर माणूस इराणात, समरकंदात, अनातोलियात पोचतो. ताटात येतं ते मात्र गोमतीकाठचं असतं. त्यातलं थोडंसं पुण्यात आमच्याही स्वयंपाकघरात आलं, आणि ज्या वाटेनं आलं ती वाट मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही.

दरवाजा बांधला ती वर्षं भीषण दुष्काळाची होती. बडा इमामबाडा आणि हा दरवाजा ही तेव्हाची दुष्काळी कामं. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायामाणसांना सुकडी मिळायची. ती खाल्लेली माणसं अजून घराघरांत आहेत आणि त्यांना हे चित्र सहज उभं करता येईल. हजारो मजूर आणि त्यांच्यासाठी चुलाणांवर चढलेल्या देगा. तांदूळ, मांस, भाज्या, मसाला एकत्र घालून झाकण कणकेनं लिंपायचं आणि मंद निखाऱ्यांवर ठेवून द्यायचं, म्हणजे ज्याची पाळी जेव्हा संपेल तेव्हा त्याला ऊन घास मिळावा. एकदा तो वास नवाबाच्या नाकाशी गेला आणि दमपुख्त शाही दस्तरख्वानावर आलं, अशी लखनऊची लाडकी कथा आहे. कणकेनं भांडं बंद करून शिजवणं इराणात आणि मध्य आशियात त्याआधीपासून होतं, तेव्हा शोधाचं श्रेय या कथेला देता येत नाही. तरी ती मला प्रिय आहे. आपल्या सगळ्यात नाजूक आणि खर्चिक स्वयंपाकाचा उगम या शहरानं उपाशी मजुरांच्या देगेत सांगितला. सांगायला दुसरा एखादा भपकेबाज उगम काही अवघड नव्हता.

दम देण्याचं काम शांत डोक्याचं आहे. देग तांब्याची, आतून कल्हई केलेली. आतलं अन्न पाऊण शिजलेलं असतं. झाकणाची फट कणकेच्या वळीनं बुजवायची, खालचे निखारे ओढून कमी करायचे आणि त्यातले थोडे झाकणावर ठेवायचे. वाफेला बाहेरची वाट उरत नाही. ती आतल्या आत फिरते आणि मसाल्याचा वास घेऊन तांदळात परत उतरते. वरूनही आच असल्यामुळे झाकणाच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब धरत नाहीत, आणि वरचा थर चिकट होत नाही. इस्तंबूलला एका लहानशा खाणावळीत मी पिलाव करताना पाहिला होता. तिथल्या बाईंनी तांदूळ लोण्यात परतले, पाणी आटू दिलं, आणि मग झाकणाखाली एक जाड सुती फडकं पसरून भांडं बाजूला काढून ठेवलं. फडकं वाफेचं पाणी टिपून घेतं. दाणा दाणा मोकळा राहावा ही दोन्हीकडची धडपड एकच. तिकडे त्यासाठी फडकं, इकडे निखारे. त्या बाईंची बोटं फडक्याच्या चारी कडा झाकणाखाली ज्या सवयीनं सारत होती, ती सवय मी माझ्या आजीच्या बोटांत पाहिलेली होती. आजीच्या हाती फडक्याऐवजी कणकेची वळी असायची.

तोपकापीचे मुदपाकखाने आता संग्रहालय झाले आहेत. १५७४च्या आगीनंतर मिमार सिनाननं ते नव्यानं बांधले. घुमट आणि धुराड्यांची त्यांची रांग मारमाराच्या समुद्रावरून दिसते. आत चिनी मातीची भांडी काचेमागे मांडली आहेत. ती सुंदर आहेत, पण चुलीची धग गेलेल्या मुदपाकखान्यात मला फार वेळ थांबवलं नाही. तुर्की स्वयंपाक कळतो तो घरांत आणि बाजारात. अनातोलियात कावुर्मा करतात तो मुळात हिवाळ्याच्या बेगमीचा पदार्थ. मांसाचे तुकडे मीठ लावून त्यांच्याच चरबीत, पाणी पार आटेपर्यंत परतायचे आणि चरबीच्या थराखाली मातीच्या भांड्यात मुरवून ठेवायचे. बर्फात अडकणाऱ्या गावांचं हे शहाणपण. परतण्याची ती रीत उत्तर हिंदुस्थानात आली तेव्हा इथे बर्फ नव्हतं आणि महिनोन्‌महिने मांस साठवायची गरजही नव्हती. इथे दही होतं, तुपात लाल तळलेला कांदा होता, वेलदोडा होता, केवडा होता. लखनवी कोरमा यांतून झाला. हळद नाही, टोमॅटो नाही, मसाल्याचा कण जिभेला लागू द्यायचा नाही, आणि तुपाचा तवंग वर आल्याशिवाय भांडं उतरवायचं नाही. आणि गलावटी कबाब? त्यात मांस विरघळवणारी कच्ची पपई तर अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आलेली. १९०५ साली लखनऊच्या चौक बाजारात दुकान थाटणारे हाजी मुराद अली एका हातानं अधू होते, म्हणून त्यांच्या कबाबांना टुंडे हे नाव पडलं ते आजतागायत. मी तिथे उभ्या उभ्या कबाब खाल्ला. चावावा लागला नाही.

एक साम्य मात्र मनात घर करून राहिलं. मोहरमच्या दहाव्या दिवशी तुर्की घरांत अशुरे शिजतं. गहू, हरभरे, पांढरे घेवडे, जर्दाळू, अंजीर, मनुका, वर डाळिंबाचे दाणे. नूहची नौका डोंगराला लागली तेव्हा शिधा संपत आला होता, जे उरलं होतं ते सगळं एका भांड्यात शिजवलं, अशी त्यामागची कथा. अलेवी पंथाच्या घरांत त्या दिवशी करबलाचं स्मरण असतं. मोठं पातेलं भरून करायचं आणि वाट्या भरभरून शेजारीपाजारी पाठवायच्या. लखनऊत तोच दिवस शोकाचा. तिथे गहू, डाळी आणि मांस तासन्‌तास घोटून खिचडा होतो आणि तबर्रुक, म्हणजे प्रसाद, म्हणून वाटला जातो. गव्हाला इतका वेळ देणारी माणसं आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूरच्या बाजूला भेटतात, खपली गव्हाची खीर करणारी. सडलेले गहू रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी मऊ होईस्तोवर ढवळत राहायचं, आणि ती खीरही कधी वाटीभर करत नाहीत, गावजेवणाचीच करतात.

लखनऊच्या जेवणाचा इतिहास आपल्यापर्यंत पोचला तो बराचसा एका माणसामुळे. अब्दुल हलीम शरर, जन्म १८६०, मृत्यू १९२६. ‘दिलगुदाज’ या आपल्या मासिकात १९१३पासून त्यांनी सरलेल्या लखनऊवर लेखमाला लिहिली. तिचं पुढे पुस्तक झालं. त्यात कपडे आहेत, पतंग आहेत, कबुतरं आहेत, शोकगीतं आहेत, आणि स्वयंपाक तर मन लावून लिहिला आहे. नवाबांचं घराणं मूळ खोरासानातल्या निशापूरचं. सआदत खान बुरहान-उल-मुल्क १७२२ मध्ये अवधचा सुभेदार झाला. त्याच्यानंतर दोन पिढ्यांनी शुजाउद्दौलाच्या फैजाबादेत सहा निरनिराळ्या मुदपाकखान्यांतून नवाब-बेगमांसाठी जेवण येई, आणि मुख्य मुदपाकखान्याचा रोजचा खर्च २००० रुपये होता, असं शरर सांगतात. १७७५ मध्ये आसफउद्दौलानं राजधानी लखनऊला हलवली आणि हे सगळं हात, भांडी, सवयी घेऊन इकडे आलं. शररांचीच एक गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली आहे. आसफउद्दौलाकडे एक आचारी आला. फक्त उडदाची डाळ करीन, म्हणाला. पगार महिना ५०० रुपये. अट अशी, की डाळ हवी असेल तर आदल्या दिवशी सांगायचं आणि झाली की लगेच जेवायला बसायचं. एक दिवस डाळ तयार झाली, नवाब गप्पांत रमले, निरोपावर निरोप गेले तरी उठेनात. आचाऱ्यानं डाळीचं भांडं उचललं, एका वाळक्या झाडाच्या मुळाशी ओतलं आणि तो निघून गेला. नंतर कितीही शोधलं तरी तो सापडला नाही, आणि ते झाड काही दिवसांनी पालवलं. झाडाचं काय ते सोडून द्या. साध्या डाळीची आपली एक वेळ असते आणि ती वेळ पाळायला नवाबानंही उठलं पाहिजे, असं मानणारा माणूस त्या दरबारात उभा राहू शकत होता, हे मला त्यात दिसतं.

शररांच्या त्या पानांत बावर्ची आहेत, म्हणजे मोठ्या देगांचे मालक. रकाबदार आहेत, थोडकं पण अतिनाजूक करणारे. नानबाई आहेत, रोट्या भाजणारे. नावं बहुतेक पुरुषांची आहेत. घरात रोज दोन वेळा चूल पेटवणाऱ्या बायका तिथे नाहीत, आणि ही उणीव मला बोचते. कारण लखनऊचं जेवण आमच्या घरी आलं ते अशाच एका घरातून.

तिथे जाण्याआधी चौकातल्या एका वास्तूपाशी थोडं थांबते. तिचं नाव फिरंगी महाल. औरंगजेबाच्या काळापासून हे विद्वान मौलवींचं घर. नसीरुद्दीन हैदरच्या अमदानीत, म्हणजे १८२७ ते १८३७च्या दरम्यान, महमदू नावाच्या परमुलखातून आलेल्या नानबाईनं या भागात दुकान काढलं, आणि शीरमालीचं श्रेय शरर त्यालाच देतात. दूध, तूप, मैदा; भाजताना वरून केशरी दुधाचा हबका. पुढे याच फिरंगी महालातले मौलाना अब्दुल बारी खिलाफत चळवळीचे आधारस्तंभ झाले. तुर्कस्तानचं दुःख तेव्हा लखनऊला घरचं वाटत होतं. त्याच्या थोडं आधी, १९१२च्या अखेरीस, डॉ. मुख्तार अहमद अन्सारी जखमी तुर्की सैनिकांच्या शुश्रूषेसाठी वैद्यकीय पथक घेऊन गेले, त्यात लखनऊचे तरुण चौधरी खलिकुज्जमानही होते. आणि गांधीजी मौलानांकडे उतरत तेव्हा त्यांच्यासाठी मौलाना मुद्दाम ब्राह्मण आचारी बोलावून घेत. गांधीजींनी ते लिहून ठेवलं आहे. पाहुण्याच्या रीतीला धक्का लागू नये म्हणून यजमानानं स्वतःच्या घरात स्वतःच्या चुलीपासून दूर राहायचं. या गोष्टीतला मोठेपणा मला आजीमुळे कळला.

आजोबा लखनऊला गाणं शिकवायचे. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी राय उमानाथ बली यांच्या मदतीनं कैसरबागेत संगीताचं कॉलेज उभं केलं आणि गव्हर्नर मॅरिस यांचं नाव त्याला दिलं गेलं. १९६६ पासून ते भातखंड्यांच्या नावानं ओळखलं जातं. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे दीर्घकाळ प्राचार्य होते, आणि त्यांच्यामागोमाग मराठी आणि कोकणी बोलणारी कितीतरी माणसं तंबोरा घेऊन उत्तरेच्या त्या गाडीत बसली. आजी वाईची. लग्न होऊन ती थेट कैसरबागेमागच्या एका गल्लीत येऊन पडली. भाषा येत नाही, ओळखीचा तांदूळ मिळत नाही, खोबरं दिसत नाही, कोकम तर माहेराहून पुडीत येईल तेव्हा.

शेजारच्या घराचं अंगण आजीच्या गच्चीवरून दिसायचं. त्या घरच्या बाईंना सगळी गल्ली आपा म्हणत असे. अंगणात चूल, चुलीशी आपा, आणि गच्चीच्या कठड्याशी आजी. पहिले काही महिने नुसतं पाहणं. मग आपांनीच वर बघून विचारलं, “दुल्हन, क्या देखा करती हो?” आजीला उत्तर देता आलं नाही, तेव्हा आपांनी पातेल्यातला कांदा झाऱ्यावर घेऊन उंच धरला, रंग दिसावा म्हणून. शिकवणी तिथून सुरू झाली. कांदा या रंगावर काढायचा, तो बाहेर काढल्यावर आणखी एक छटा चढतो. दही घालताना आच मोडायची. मोहरीचं तेल धुरावल्याशिवाय त्यात काही टाकायचं नाही. तांदूळ धुताना चोळायचा नाही.

या सगळ्यात आजीनं एक घासही चाखला नाही. आजीच्या घरी सोवळं होतं आणि आपांच्या घरचं शिजलेलं आमच्या घरात येत नव्हतं. आजीच्या घरची पुरणपोळी, दिवाळीच्या चकल्या आपांकडे जात आणि मुलं त्यांच्यावर तुटून पडत. उलट दिशेनं यायचं ते कोरडं. ईदला आपा न शिजवलेल्या शेवया, साखर, बदाम-चारोळी असं नव्या कोऱ्या फडक्यात बांधून, गल्लीतल्या हलवायाच्या पोराच्या हाती पाठवायच्या, म्हणजे शिवाशिव नको. हे न्यायाचं नव्हतं. आजीला म्हातारपणी ते फार लागायचं. “त्या बाईनं कधी बोलून दाखवलं नाही गं,” एवढं म्हणून ती गप्प व्हायची, आणि मीही तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, कारण तिचं दुःख खरं होतं.

पण न चाखता शिकली कशी? आपा रमजानात दिवसभर रोजा धरून संध्याकाळच्या इफ्तारीचा स्वयंपाक करत. थेंबभर रस्सा जिभेवर घेणं त्यांना चालत नव्हतं, आणि तीसही दिवस मीठ मात्र बिनचूक. इकडे आजीलाही चाखायची सवय नव्हतीच; देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थ उष्टा करायचा नाही, हे तिच्या आईनं तिला परकर-पोलक्यात असतानाच शिकवलेलं. एकीला रोजा, दुसरीला नैवेद्य. दोघी वासावर स्वयंपाक करणाऱ्या. आपा म्हणायच्या, “नमक जबान से नहीं, नाक से पूछिए.” आजी ते आम्हाला असं समजावून सांगायची: आधणाला उकळी फुटली की वाफेशी नाक न्यायचं, पण हुंगायचं नाही, नुसता श्वास घ्यायचा. मीठ कमी असेल तर कच्च्या तांदळाचा वास पुढे असतो. पुरेसं पडलं की तो मागे सरतो आणि लवंग-वेलदोडा पुढे येतात. जास्त झालं तर वाफ नाकात कोरडी लागते. हे शास्त्रात कसं बसतं ते बसो. तिचं मीठ चुकलेलं मला आठवत नाही.

घराण्याचा वारसा म्हणून आमच्याकडे जे आलं ते तहरी. हिवाळ्यातला मटार, फ्लॉवर, नवा बटाटा, हळदीनं पिवळा झालेला तांदूळ, मोहरीच्या तेलाचा झणका. पुण्यातले नातेवाईक तिला मसालेभात म्हणत आणि आजी दर वेळी दुरुस्त करत असे. मसालेभातात गोडा मसाला, ओलं खोबरं, वरून साजूक तूप. तहरीत खडा मसाला, आणि भाजी तेलात आधी नीट परतून मगच तांदूळ. पुण्याच्या फ्लॅटमध्ये निखारे कुठले, पण कणकेची वळी तिनं सोडली नाही. झाकण लिंपून झालं की आई आणि मामा, जन्मानं दोघं लखनऊचे, ओट्याशी येऊन उभे राहायचे. ती वळी भाजून खरपूस होते आणि झाकण उघडताना तिचे तुकडे पडतात. त्यांवर भावंडांची भांडणं व्हायची. पुढे आमचीही झाली.

लखनऊला मी गेले ती थंडीत. चौकात गोल दरवाज्याशी पहाटे मख्खन मलाई विकायला बसतात, तिलाच निमिश म्हणतात. आटवलेलं दूध सायीसकट रात्री उघड्यावर, दवात ठेवायचं. पहाटेच्या काळोखात रवीनं घुसळायचं आणि वर येणारा फेस हातानं अलगद उचलून थाळ्यात रचत जायचं. केशर, पिठीसाखर, वर पिस्त्याचे काप. द्रोणात घेतला की वजन लागत नाही, आणि जिभेवर ठेवला की थंडावा आणि केशराचा वास एवढंच उरतं. ऊन चढलं की तो बसतो, म्हणून विकणारे नऊ-दहापर्यंत थाळे रिकामे करतात. आजी या एका गोष्टीसाठी थंडीत पहाटे उठून आजोबांबरोबर चौकात यायची. विकणारा हिंदू होता आणि वस्तू दुधाची, त्यामुळे ती तिला चालत होती. तिथून पुढे अकबरी दरवाज्याच्या बाजूला निहारी आणि कुलचे. ते मी खाल्ले, आजीनं कधी खाल्ले नसते.

मला खरी ओढ होती ती पन्सारीच्या दुकानाची. चौकातल्या एका जुन्या दुकानात मी पोटली मसाला मागितला. रस्सा किंवा यखनी उकळताना मलमलीच्या फडक्यात बांधून सोडायचा आणि शेवटी काढून टाकायचा तो मसाला. म्हाताऱ्या दुकानदारानं तयार पुडी काढायला हात घातला आणि मग माझ्याकडे बघून थांबला. “देखेंगी?” म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानं एकेक डबा उघडून जुन्या वर्तमानपत्रावर चिमूटचिमूट मांडायला सुरुवात केली. वाळ्याच्या मुळांचा गुंता, पावसाळी मातीच्या वासाचा. पानाचं मूळ, तपकिरी, काडीसारखं; मोडलं की तिखट थंड वास. वाळलेल्या गुलाबपाकळ्या, चंदनाचा बारीक चुरा, मसाला वेलदोडे, जायपत्री. आणि मग त्यानं एका डब्यातून करडे, कुरळे, एका बाजूनं काळपट असे पापुद्रे काढले. “पत्थर के फूल,” म्हणाला. मी ते उचलून नाकाशी नेलं. दगडफूल. वाईला आणि पुण्याला गोड्या मसाल्यासाठी तेलावर परतताना घरभर दरवळतं ते. आजी लखनऊला आली तेव्हा तिला घरचं म्हणावं असं काहीच मिळालं नव्हतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आणि आपांच्या चुलीवरच्या देगेतून रोज हा वास तिच्या गच्चीवर येत होता. ती त्या कठड्याशी जाऊन का उभी राहायची, याचं एक उत्तर मला त्या कागदावर मिळालं. तिनं स्वतः हे कधी सांगितलं नाही. तिला ते ओळखू आलं होतं की नुसतंच बरं वाटत होतं, कोण जाणे.

दुकानदाराला मी गोड्या मसाल्याचं सांगितलं. खोबरं आणि तीळ भाजून त्यात दगडफूल घालतात हे ऐकून तो विचारात पडला. तो म्हणाला, हे फूल पहाडांतून येतं, उत्तराखंडातून. दक्षिणेत जाणारा माल त्याच्या आजोबांच्या वेळीही भरपूर असे, पण तिकडे त्याचं काय करतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं मला तीळ किती, असं विचारून घेतलं आणि ते प्रमाण पुडीच्या कागदावर उर्दूत टिपलं. हल्ली बहुतेक गिऱ्हाईक तयार मसाल्याचं पाकीट मागतं, मुळं ओळखणारे थोडे, हेही त्यानं सांगितलं. सांगताना सूर तक्रारीचा नव्हता. हात पुडी बांधतच होते.

२०२५ मध्ये युनेस्कोनं लखनऊला खाद्यसंस्कृतीसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. तुर्कस्तानचं गाझियानतेप त्या यादीत २०१५ पासून आहे. मला आनंद झाला, मनापासून झाला. अशा मानामुळे दुकानांवर पाट्या लागतात, पर्यटक येतात, कारागिरांना दोन पैसे जास्त मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. माझी एवढीच इच्छा आहे की कुणीतरी कैसरबागेच्या, चौकाच्या, नख्खासच्या घरांत जाऊन तिथल्या बायकांशी बसावं, त्यांच्या पोटल्या उघडून बघाव्यात, तहरीत बटाटा आधी की मटार आधी हे त्यांना विचारावं आणि त्यांच्या नावानिशी लिहून ठेवावं. आपांचं नाव आमच्या घरात कुणालाही माहीत नाही. आईला त्यांचा आवाज आठवतो, त्यांच्या ओढणीची गोट आठवते, त्यांच्या घरच्या शेळीचं नाव आठवतं. त्या आपा होत्या, बस. आजोबा निवृत्त झाल्यावर बिऱ्हाड हललं, एक-दोन पत्रं आली-गेली, आणि ती गल्ली आता मला सापडली तरी घर सापडलं नाही.

पुण्याला परत आले आणि पुडी आईसमोर ठेवली. आईला आता नीट दिसत नाही. तिनं पुडी सोडली नाही, तशीच बंद, नाकाशी धरली, दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा धरली, आणि विचारलं, “पानाची जड कुणी घातली? तू की दुकानदारानं?” दुकानदारानं, मी म्हटलं. “कमी आहे. आणि वाळा जास्त पडलाय. पुढच्या वेळी सुटं सुटं घेऊन ये, पोटली आपण इथे बांधू.” मग तिनं मला फ्रिजमधला मटार काढायला सांगितला, आणि कणीक भिजवायला घेताना नेहमीपेक्षा मूठभर जास्त घे, झाकणाला लागेल, असं बजावलं.